रोपवे बांधा, पण पायऱ्या उखडू नका

एप्रिल २०२५मध्ये ‘द एल्डर स्क्रोल्स’ मालिकेतला ‘ऑब्लिव्हियन’ हा २००६चा गेम नव्या रूपात बाजारात आला आणि ओपन-वर्ल्ड फँटसी गेमबद्दलचा, म्हणजे जादूच्या मुलखात हवे तिथे भटकू देणाऱ्या गेमबद्दलचा, जुना वाद पुन्हा पेटला. या गेममध्ये खेळाडूंना सगळ्यात जास्त आवडते ते काय? एक बाजू म्हणते, मोठा मॅप, देखणे ग्राफिक्स आणि वाट्टेल ते करण्याची मोकळीक. दुसरी बाजू म्हणते, छे, खरा गेम म्हणजे त्याच मालिकेतला २००२चा ‘मॉरोविंड’, कारण तो अवघड होता, त्यात पुढच्या ठिकाणाकडे बाण दाखवणारा कंपास नव्हता, आणि आजच्या खेळाडूंचे नको तितके लाड झाले आहेत. पहिल्या बाजूला दुसरी बाजू आठवणींत रमलेल्या म्हाताऱ्यांसारखी वाटते, तर दुसरीला पहिली आळशी वाटते. माझ्या मते दोघेही चुकीच्या जागी विहीर खणत आहेत. मॅपच्या आकारात किंवा खेळाडूच्या हालांत या प्रेमाचा उगम नाही. एका अनोळखी मुलखाची हळूहळू ओळख होते, इतकी की डोळे मिटले तरी वाट दिसते, आणि ती ओळख पुढे उपयोगी पडते. खेळाडूचा जीव जडतो तो यावर. मॅप, लढाई, जादू, कथा या सगळ्यांना त्या ओळखीमुळे चव येते. आणि ज्या सोयींवरून भांडण चालले आहे त्यांची पारखही याच कसोटीवर व्हायला हवी: ही सोय ओळख वाढवते, की ओळखीची गरजच संपवते?

आपल्याकडे पत्ता कसा सांगतात ते आठवा. ‘एसटी स्टँडवरून सरळ या, मारुतीच्या देवळापाशी डावीकडे वळा, पाण्याची टाकी लागली की समजा पुढे आलात.’ असा पत्ता ऐकणारा माणूस गाव बघत बघत जातो. देऊळ, टाकी, वळण त्याच्या डोक्यात बसते आणि दुसऱ्या वेळी त्याला विचारावे लागत नाही. ‘मॉरोविंड’मध्ये पत्ते असेच दिलेले असतात. सुरुवातीच्या कामांपैकी एक घ्या. बाल्मोरा शहरातल्या फायटर्स गिल्डमधला हॅस्फॅट अँटाबोलिस तुम्हाला ड्वेमर या लुप्त जमातीच्या आर्कंगथँड नावाच्या अवशेषांतून एक कोड्याची पेटी आणायला सांगतो. वाट अशी: शहराच्या दक्षिणेकडून बाहेर पडायचे, ओडाय नदीवरचा पूल ओलांडायचा, पाटीपाशी उत्तरेला काल्डेराच्या रस्त्याला लागायचे आणि लगेच पूर्वेकडे चढावर मोलाग मारच्या दिशेने वळायचे. फोर्ट मूनमॉथ मागे टाकायचा. त्याच्या ईशान्येला फोयाडा मामेया नावाच्या खोल घळीवर जुना ड्वेमर पूल आहे, तो पार करायचा. अवशेषांचे दार ढकलून उघडत नाही. जवळच्या पाइपवरची नळासारखी चावी फिरवावी लागते.

हा पत्ता घेऊन निघालेला खेळाडू काय काय करतो ते बारकाईने पाहा. तो रस्त्यावरच्या पाट्या वाचतो. किल्ला उजवीकडे गेला की डावीकडे, हे लक्षात ठेवतो. पुलावर उभा राहून खालच्या काळ्या घळीत डोकावतो. चावी सापडली नाही तर दारासमोर घुटमळतो, पुन्हा जर्नल, म्हणजे कामांच्या नोंदींची वही, उघडतो, वाक्य परत वाचतो. आत गेल्यावर बहुतेक नवखे एकच चूक करतात: पेटी खजिन्यासारखी कुठेतरी तळाशी असणार असे धरून खोल उतरत जातात. ती मात्र मोठ्या दालनाला लागून असलेल्या एका खोलीत फळीवर ठेवलेली लहानशी चौकोनी वस्तू असते. या सगळ्यात तासभर जातो. वाया जातो का? तासाअखेरीस बाल्मोराचा पूर्वेकडचा सगळा भाग डोक्यात बसलेला असतो. आणि खेळ पुढे सरकतो, कित्येक तासांनी रेड माउंटनकडे, घोस्टगेटच्या दरवाजाकडे जायची वेळ येते, तेव्हा वर जाणारी वाट कोणती? तीच फोयाडा, जिच्यावरचा पूल पहिल्या दिवशी ओलांडला होता. त्या वेळी खेळाडूला जे वाटते ते कुठल्याही कंपासने दिलेले नसते. ‘ही घळ माझ्या ओळखीची आहे’ हे एवढेसे वाक्य मनात उमटते, आणि माझे सगळे म्हणणे त्या वाक्यात आहे.

आता हालअपेष्टांचे गोडवे गाणाऱ्यांकडे वळतो, कारण या वादात जास्त घोटाळा त्यांनीच केला आहे. ‘मॉरोविंडमध्ये फास्ट ट्रॅव्हल (वाट न चालता झटक्यात पोहोचण्याची सोय) नव्हते’ हे वाक्य दर चार दिवसांनी वाचायला मिळते आणि ते धडधडीत चुकीचे आहे. त्या गेममध्ये प्रवासाची साधने खच्चून भरलेली आहेत. सिल्ट स्ट्रायडर नावाचे अवाढव्य उंच पायांचे कीटक आहेत. त्यांच्या पाठीचे कवच पोखरून आत हाकणारा बसतो आणि उघड्या मज्जातंतूंना टोचून त्यांना चालवतो. बाल्मोराहून ते सेडा नीन, सुरान, व्हिवेक आणि आल्ड-रूनला जातात. किनाऱ्याने बोटी आहेत. मेजेस गिल्डमध्ये, म्हणजे जादूगारांच्या संघात, पैसे मोजले की एका शाखेतून दुसऱ्या शाखेत क्षणात पोहोचता येते. शिवाय मंत्र आहेत: आल्मसिव्ही इंटरव्हेन्शनने जवळच्या ट्रायब्युनल मंदिरात, डिव्हाइन इंटरव्हेन्शनने जवळच्या इंपिरियल देवस्थानी. मार्कने खूण करायची आणि रिकॉलने तिथे परतायचे, ही जोडी तर घरची किल्लीच. मात्र खूण एकाच जागी करता येते, नवी केली की जुनी पुसली जाते. म्हणजे बाल्मोराहून ईशान्य टोकाच्या टेल मोराला जायचे तर चालत जाणारा कोणी नसतो. गिल्डमधून साड्रिथ मोरा, तिथून बोट, दोन टप्प्यांत काम झाले. फरक एवढाच की हे जाळे तुम्हाला माहीत असावे लागते. मुंबईच्या लोकलमध्ये मुरलेला माणूस जसा दादरला कुठल्या पुलावरून उतरायचे ते न बघता जाणतो, तशीच ही जाण. ही सोय मुलखाच्या पोटातून आलेली आहे, म्हणून ती ओळख खाऊन टाकत नाही, उलट वाढवते.

या जाणकारीचे सगळ्यात लाडके उदाहरण म्हणजे आंधळ्या वेगाचे बूट. काल्डेराकडून नार मोककडे जाणाऱ्या रस्त्यावर पेमेनी नावाची एक बाई भेटते आणि सोबत मागते. तिच्याजवळचे बूट घातले की वेग २०० अंकांनी वाढतो आणि दृष्टी १०० अंकांनी जाते, म्हणजे पडदा काळा. पण हा परिणाम बूट घालण्याच्या क्षणी मोजला जातो. म्हणून अनुभवी खेळाडू जादूला १०० टक्के विरोध करणारा, फक्त एका सेकंदाचा मंत्र बनवून घेतो, तो म्हणतो आणि त्याच सेकंदात बूट चढवतो. अंधत्व लागत नाही, वेग मात्र राहतो. ब्रेटन वंशाच्या पात्राला जन्मतःच ५० टक्के विरोध असतो, त्यामुळे त्याचे काम निम्म्या मंत्रात भागते. यात हाल कुठे आहेत? यात आहे जग समजून घेतल्याचे बक्षीस.

उलट जिथे त्या गेममध्ये नुसतेच हाल आहेत तिथे कोणाचे प्रेम नाही, आणि हे जुन्या चाहत्यांनी मोकळेपणाने कबूल करावे. तलवारीचा फटका समोरच्याच्या अंगावर दिसतो, पण लागत नाही, कारण आत फासा पडत असतो. हिशेब असा: शस्त्राचे कौशल्य, अधिक चापल्याचा पाचवा भाग, अधिक नशिबाचा दहावा भाग, आणि याला दमाच्या प्रमाणात गुणायचे, पूर्ण दम असेल तर १.२५, दम संपला असेल तर ०.७५. कौशल्य ३०, चापल्य आणि नशीब प्रत्येकी ४० असलेल्या नवख्याचा आकडा ताजेतवाना असताना ५२च्या आसपास येतो, धापा टाकत असताना ३१. त्यातून शत्रूची चुकवण्याची क्षमता वजा. धावले की दम कमी होतो. नवा खेळाडू गुहेपर्यंत धावत जातो, तिथे वीस वार हवेत मारतो आणि गेम बिघडला असे समजून बंद करतो. त्याची चूक नाही. गेमने त्याला हे नीट सांगितलेच नाही. ‘ऑब्लिव्हियन’ने २००६मध्ये ही भानगड काढून टाकली, वार केला की लागतो असे केले, आणि ते चांगलेच झाले. यातून मुलखाची ओळख तसूभरही कमी झाली नाही.

मॅपच्या आकाराचा मुद्दा त्याहून लवकर निकालात निघतो. याच मालिकेतला १९९६चा ‘डॅगरफॉल’ आकाराने पुढच्या सगळ्या भागांच्या कित्येक पट होता. संगणकाने सूत्रावरून रचलेली हजारो गावे आणि तळघरे त्यात होती. त्याचे चाहते आजही आहेत आणि त्यांना पात्राच्या जडणघडणीची मोकळीक आवडते, हे खरे. पण त्यातली वाट कोणाला आठवते? दोन गावांमध्ये लक्षात राहावे असे जवळपास काही नव्हतेच, म्हणून नकाशावर बोट ठेवून उडी मारणे भाग होते. पुढच्याच भागात त्याच कंपनीने मुलूख आक्रसून एका बेटाएवढा केला आणि तो हाताने रचला. लोक प्रेमात पडले ते त्या आक्रसलेल्या बेटाच्या. २०१५चा ‘विचर ३’ माझ्या मते फार मोठा गेम आहे. तरी त्यातल्या स्केलिगे बेटांच्या समुद्रात नकाशाभर पसरलेल्या प्रश्नचिन्हांबद्दल, होडीतून एकामागून एक तस्करांच्या पेट्या गोळा करण्याबद्दल, त्याचे भक्तदेखील चांगले बोलत नाहीत. चौरस किलोमीटर मोजून प्रेम होत नाही.

आता विरोधातले वजनदार मुद्दे. पहिला वेळेचा. दिवसभर नोकरी, घरचे सगळे उरकून रात्री दहानंतर ज्याला एक तास मिळतो, त्याने तो चावी शोधण्यात घालवावा, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? कोणालाच नाही. दुसरा मुद्दा शरीराचा: काहींना दिशांचे भान मुळातच कमी असते, काहींना दृष्टीमुळे किंवा हातांमुळे फार भटकणे झेपत नाही. तिसरा मुद्दा आपल्या जवळचा आहे आणि इंग्रजी लेखांत तो क्वचितच येतो. ‘मॉरोविंड’चे पत्ते लांबलचक इंग्रजी परिच्छेदांत आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाला ‘ईशान्येला, घळीच्या कडेने’ हे इंग्रजीत वाचून, समजून, मग शोधायचे असते. बाणाला भाषा नसते. त्या बाणाने आपल्याकडच्या कितीतरी मुलांसाठी या गेमचे दार उघडले, हे मान्य न करणारा माणूस स्वतःच्या इंग्रजीच्या जोरावर बोलतो आहे. याच मालिकेतल्या २०११च्या ‘स्कायरिम’च्या ६ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या आहेत, इतक्या माणसांच्या आवडीला आळस म्हणून झटकून टाकणे हा युक्तिवाद होऊच शकत नाही.

म्हणून सोयी असाव्यात. पण याच्या पुढे जे वाक्य येते तिथे माझी हरकत आहे: ‘नको असेल तर मार्कर (ठिकाण दाखवणारी खूण) बंद करा, विषय संपला.’ विषय तिथे सुरू होतो. रायगडावर १९९६पासून रोपवे आहे. म्हातारी माणसे, लहान मुले, गुडघे दुखणारे त्याने वर जातात आणि ते अगदी योग्य आहे. पायऱ्या चढून जाणारेही रोज आहेत. दोघांनाही जगदीश्वराचे दर्शन होते. हे शक्य आहे, कारण रोपवे बांधताना कोणी पायऱ्या उखडल्या नाहीत. ‘ऑब्लिव्हियन’पासून पुढच्या गेममध्ये नेमके तेच घडले. कंपासवर बाण आला आणि संवादांतून, जर्नलमधून पत्ते निघून गेले. ‘स्कायरिम’मध्ये मार्कर खरोखर बंद करून पाहा, जर्नलमध्ये क्वेस्ट (काम) निष्क्रिय ठेवली की कंपासवरची खूण जाते. मग जर्नल वाचा. बऱ्याच कामांत एका ओळीची नोंद असते: अमुक गुहेतून तमुक वस्तू आण. गुहा कुठल्या डोंगरात, कुठल्या गावाच्या कोणत्या अंगाला, हे काम देणाऱ्याने सांगितलेले नसते, नोंदीतही नसते. विचारायला कोणी नाही. म्हणजे बाण बंद करणारा खेळाडू पायऱ्यांनी चढत नसतो, तो उघड्या कड्याखाली उभा असतो. याला पर्याय दिला असे कसे म्हणायचे?

एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने तक्रार केली होती की ती प्रवाशाचे जिवंत पार्सल करते. त्याची तक्रार आज एकांगी वाटते. रेल्वेने लाखो गरिबांना पहिल्यांदा घराबाहेरचे जग दाखवले. पण पार्सल या शब्दात त्याने जे पकडले होते ते खोटे नव्हते: एका डब्यातून निघून दुसऱ्या ठिकाणी उतरणाऱ्याला मधला मुलूख लाभत नाही. चूक त्याच्या निष्कर्षात होती. आपल्याकडे रेल्वे पंढरपूरपर्यंत पोहोचून शंभर वर्षे उलटली, तरी दिंड्या पायीच निघतात. गाडी आली म्हणून वाट मेली नाही, कारण वाटेवरची मुक्कामाची गावे, पाणी आणि अन्न देणारी घरे टिकून राहिली. गेममध्ये ती घरे ठेवायची की नाही हे रचणाऱ्याच्या हातात असते.

मग त्यांनी ती का काढली? दुष्टपणाने नाही. ‘मॉरोविंड’चे संवाद जवळपास सगळे लिखित होते. पाच ओळींचा पत्ता लिहायला काहीच खर्च नव्हता आणि गुहा हलवली तर वाक्य बदलले की झाले. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये प्रत्येक संवाद बोलका झाला. आता प्रत्येक पत्ता म्हणजे कलाकाराचा वेळ आणि डिस्कवरची जागा. गुहा हलवली तर पुन्हा रेकॉर्डिंग. ‘स्कायरिम’मध्ये भर पडली ती गेमने स्वतः जुळवलेल्या कामांची: कोणत्या तळघरात पाठवायचे हे आयत्या वेळी ठरते, मग त्या जागेचा पत्ता आधी ध्वनिमुद्रित कसा करणार? कारणे खरी आहेत. पण ती निर्मात्याच्या अडचणीची आहेत, खेळाडूच्या आवडीची नाहीत, आणि या वादात ती सर्रास खेळाडूच्या नावावर खपवली जातात. शिवाय अडचण सुटण्यासारखी आहे. बोलका संवाद छोटा ठेवा आणि जर्नलमध्ये दोन ओळी लिहा. ‘स्कायरिम’साठी खेळाडूंनी स्वतःच असे मॉड (मूळ गेममध्ये केलेले बदल) केले, त्यांनी कामांच्या नोंदी नव्याने लिहून त्यांत ठिकाणांची माहिती घातली, म्हणजे मार्कर बंद ठेवूनही खेळता यावे. ज्यांना पैसे मिळत नाहीत अशा माणसांनी रात्री जागून पत्ते लिहिले. आवड कशाची आहे याचा याहून स्वच्छ पुरावा कोणता द्यायचा?

ओळखीला मारणारी आणखी एक गोष्ट आहे आणि ती बाणापेक्षा घातक आहे: शत्रूंची लेव्हल (ताकदीची पायरी) तुमच्याबरोबर वाढवणे. इतिहासातले उदाहरण घेऊ. फेब्रुवारी १६६१मध्ये शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान मोठी फौज घेऊन कोकणात उतरताना उंबरखिंडीत अडकला. दाट झाडी, अरुंद वाट, पुढेही माणसे आणि मागेही. शिवाजी महाराजांच्या थोड्या माणसांपुढे त्याला शरण येऊन सुटका करून घ्यावी लागली. मावळ्यांजवळ काय जास्त होते? खिंड कुठे अरुंद होते ते त्यांना माहीत होते. आता अशी कल्पना करा की शत्रू जिथे जाईल तिथली जमीन त्याच्या बेताने आपोआप रुंद होते. मग त्या माहितीला किंमत काय उरली? ‘ऑब्लिव्हियन’मध्ये हेच झाले. पुढच्या लेव्हलला रस्त्यावरचे भुरटे लुटारूही महागडी काचेची चिलखते घालून फिरू लागतात. कोणती गुहा सोपी, कोणत्या डोंगरात जाऊ नये, हे ज्ञान निरुपयोगी ठरते, कारण सगळ्या गुहा तुमच्याच मापाच्या. खेळाडूंनी यावर काढलेला तोडगा ऐकला की दुखणे कळते: पलंगावर झोपलेच नाही तर लेव्हल चढत नाही, म्हणून काही जण पहिल्याच लेव्हलवर राहून मुख्य कथा पुरी करतात, कारण तसे ती सोपी जाते. वाढण्याच्या खेळात न वाढणे हा शहाणपणा ठरला. ‘स्कायरिम’ने ठिकाणांना किमान पातळ्या देऊन हे बरेच सावरले, व्हाइटरनच्या माळावरच्या जायंटच्या वाटेला नवख्याने जाऊ नये, हे तिथे एका फटक्यात कळते आणि कायमचे लक्षात राहते.

‘हे सगळे तुमचे बालपण बोलते आहे’ असा एक आक्षेप ठरलेला असतो. त्याला उत्तर म्हणून २०१७चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ पुरेसा आहे. त्यात मनोऱ्यावर चढले की त्या भागाचा नकाशा उघडतो, पण नकाशा खुणांनी भरून जात नाही. डोंगर, नद्या, रस्ते दिसतात. कुठे काय आहे ते तुम्ही दुर्बिणीतून पाहायचे आणि स्वतः खूण रोवायची. अशा खुणा एका वेळी पाचच ठेवता येतात, पाहिलेल्या जागांसाठी वेगळे शिक्के शंभर. पाचच का? कारण पाचांत निवड करावी लागते, आणि निवड करताना माणूस डोळे उघडे ठेवतो. इथे इंग्रजीचा अडसरही फारसा राहत नाही; पत्ता वाचायचा नसतो, बघायचा असतो. मघाशी मान्य केलेल्या तिसऱ्या मुद्द्याला हे माझे उत्तर आहे: भाषेची अडचण सोडवायला बाण हा एकच उपाय नाही.

२०२२चा ‘एल्डन रिंग’ तर क्वेस्टचे जर्नलही देत नव्हता, आणि तरी ३ कोटींच्या वर विकला गेला. पहिल्या दाराबाहेर, लिमग्रेव्हच्या मोकळ्यात, घोड्यावरचा सोनेरी ट्री सेंटिनेल फिरत असतो. त्याला भिडले की मरण ठरलेले. शहाणा खेळाडू झाडीच्या आडोशाने वळसा घालतो, पुढे स्वतःचा घोडा मिळाला की परत येतो. तळ्याजवळच्या ड्रॅगन-बर्न्ट अवशेषांतल्या तळघरात एक पेटी आहे. ती उघडली की धूर होतो आणि तुम्ही पार केलिड या दूरच्या मुलखातल्या खाणीत जाऊन पडता, जिथले जीव तुमच्या कितीतरी पुढचे असतात. वाट काढत बाहेर आले की लाल, सडलेले आकाश दिसते. तो मुलूख पुन्हा विसरता येत नाही. मात्र या गेमचा दोषही सांगितला पाहिजे. पात्रे ठिकाण बदलत, कुठे गेली ते कळत नसे, आणि कितीतरी खेळाडूंच्या कथा अर्ध्यात तुटल्या. मार्च २०२२च्या पॅचमध्ये (नंतर दिलेल्या दुरुस्तीत) निर्मात्यांनी एक बदल केला: जे पात्र तुम्हाला भेटले त्याचे नाव नकाशावर नोंदले जाऊ लागले. हा बदल मला आदर्श वाटतो. तो ‘आता इकडे जा’ म्हणत नाही. ‘हा इथे भेटला होता’ एवढेच म्हणतो. तुमच्या ओळखीची वही तो नीट ठेवतो. वेळ कमी असलेल्या माणसाला, आठवड्याने परत येणाऱ्याला, हीच मदत हवी असते.

कोणी म्हणेल, लोकांना मुळात स्वातंत्र्य आवडते: चोर व्हा, जादूगार व्हा, मुख्य कथा सोडून कोबी विकत बसा. मान्य. पण स्वातंत्र्याला पाय रोवायला जमीन लागते. सेडा नीनहून निघताना सिल्ट स्ट्रायडरने थेट बाल्मोरा गाठता येते, किंवा पेलाजियाडवरून पायी. पायी जाणाऱ्याच्या पुढ्यात आकाशातून किंचाळत एक जादूगार पडतो आणि मरतो. त्याच्याजवळ तीन गुंडाळ्या असतात, उडी मारण्याचे कौशल्य ७ सेकंदांसाठी १००० अंकांनी वाढवणाऱ्या. वापरून उडी मारली तर क्षितिज पार होते. पण उडी ७ सेकंदांहून लांब चालते, आणि उतरताना परिणाम संपलेला असल्याने तुम्हीही त्याच्यासारखेच मरता. जमिनीला टेकण्याआधी दुसरी गुंडाळी वाचली तर वाचता. हे कोणी सांगत नाही, कोणी कामही देत नाही. कीटकावर बसायचे की चालायचे, हे निवडणे म्हणजेच स्वातंत्र्य. दोन्हींत फरक पडतो म्हणून त्या निवडीला अर्थ आहे.

आणि या वादात जुन्या चाहत्यांनी एक सावधगिरी बाळगावी. मार्च २०२४मध्ये ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’ आला. त्यात क्षणात प्रवास करायला फेरीस्टोन लागतो, तो मोजकाच मिळतो. बैलगाडीने जावे तर वाटेत हल्ला होतो. विचार उत्तम होता आणि वाटाही जिवंत होत्या. पण त्याच गेमबरोबर प्रवासाच्या सोयीची वस्तू वेगळ्या पैशांत विक्रीला ठेवलेली खेळाडूंना दिसली आणि संताप उसळला. तो संताप रास्त होता. गैरसोय रचायची आणि तिच्यावरचा उतारा विकायचा, हा पायऱ्या जपण्याचा मार्ग नाही. अवघडपणाचे सरसकट गोडवे गाणारे लोक अशा दुकानदारीला आयता आधार देतात, म्हणून ‘अवघड’ आणि ‘ओळखीचे’ हे शब्द वेगळे ठेवण्याचा माझा इतका आग्रह आहे.

खेळाडूंना खरोखर काय हवे ते पाहायचे असेल तर मोकळे सोडल्यावर ते काय घडवतात ते पाहावे. ‘मॉरोविंड’च्या संगणकावरच्या आवृत्तीबरोबर गेम रचण्याचे साधनही दिले होते. त्याने वीस वर्षांहून अधिक काळ ‘टॅमरिएल रिबिल्ट’ नावाचा प्रकल्प चालू आहे. बेटाच्या पलीकडचा मुख्य भूभाग स्वयंसेवक हाताने रचत आहेत, एकेक दगड, एकेक सराय, एकेक घाटरस्ता. त्यांना सूत्राने एका दिवसात हजार गावे उठवता आली असती. ते दशकभरात मुलखाचे काही भाग पुरे करतात, आणि त्यांतली माणसे वाट विचारली तर सांगतात.

याच मालिकेच्या सहाव्या भागाची घोषणा २०१८मध्ये झाली. तो येईल तेव्हा मॅप किती मोठा याचे आकडे पहिल्या दिवशी फिरू लागतील आणि वाद पुन्हा तिथेच अडकेल. त्याऐवजी पहिल्या तासात एक साधी चाचणी घ्यावी. कंपास बंद करावा, पहिल्या गावातल्या सरायीत शिरावे आणि गल्ल्यामागच्या माणसाला विचारावे की पुढच्या गावाला वाट कुठून जाते. मग तो काय सांगतो ते ऐकून घ्यावे, आणि त्याने सांगितलेला पूल खरोखर तिथे आहे का ते जाऊन पाहावे.